समुद्राकडे तोंड करून बसलेले दारूकोठार

मुंबईतल्या किल्ल्यांची नावे विचारली, तर शीव, शिवडी, माहीम, वरळी, वांद्रे अशी नावे कोणीही पटकन सांगतो. ज्या कोटामुळे फोर्ट भागाला त्याचे नाव मिळाले, तो कोट १८६० च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत पाडला गेला. चर्चगेट आणि बझारगेट ही त्याच्या दरवाजांची नावे तेवढी शहराच्या तोंडी राहिली. पण कोट पाडला म्हणून ब्रिटिशांनी मुंबईचा बंदोबस्त सोडला असे मुळीच झाले नाही. तोफांचा पल्ला जसा वाढत गेला तशी शहराभोवतीची भिंत निरुपयोगी ठरली आणि संरक्षणाची जागा भिंतीवरून थेट किनाऱ्यावरच्या टोकांवर सरकली. मलबार हिलचे समुद्रात घुसलेले टोक हे त्यांतले एक. आज तिथे राजभवन आहे (२०२५ पासून त्याचे नाव ‘लोकभवन’ झाले आहे), आणि त्या राजभवनाच्या पोटात जमिनीखाली तोफांचे दारूगोळा कोठार आहे, जे आता स्वातंत्र्यलढ्यातील क्रांतिकारकांचे संग्रहालय झाले आहे. ते पाहून आल्यापासून माझ्या मनात एकच विचार घोळतो आहे, आणि तो नीट मांडावा म्हणून हे लिहिते आहे.

आधी जागेविषयी थोडे. तीन बत्तीवरून खाली उतरले की राजभवनाचे प्रवेशद्वार लागते. ऑनलाइन नोंदणी आणि ओळखपत्राची तपासणी झाली की मार्गदर्शकासोबत आत जाता येते. तीन बाजूंनी समुद्र आणि दाट झाडी असलेले हे आवार मुंबईत आहे यावर पहिली काही मिनिटे विश्वास बसत नाही. मात्र ही जागा गव्हर्नरांनी शोधून काढलेली नव्हे. श्रीगुंडी नावाची भेगाळलेली शिळा याच टोकावर होती, आणि तिच्या फटीतून पलीकडे गेले की पापक्षालन होते अशा श्रद्धेने दूरदूरचे यात्रेकरू इथे येत असत. पेशव्यांच्या घरातले राघोबादादा मुंबईत आश्रयाला असताना या फटीतून गेल्याचे जुन्या लेखनात नोंदलेले आहे. श्रीगुंडी देवीचे मंदिर आजही राजभवनाच्या आवारात आहे आणि कोळी समाज तिला मानतो. वाळकेश्वर आणि बाणगंगा इथून हाकेच्या अंतरावर आहेत. म्हणजे तोफा इथे आल्या त्या एका तीर्थाच्या शेजारी.

गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या काळापासून इथे बंगला होता, पण गव्हर्नरांचा मुख्य मुक्काम परळला असे. १८८२ मध्ये परळच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्गसन यांच्या पत्नीचे कॉलऱ्याने निधन झाले आणि त्यानंतर काही वर्षांतच मलबार पॉइंट, म्हणजे हे टोकच, गव्हर्नरांचे मुंबईतले कायमचे निवासस्थान झाले. परळच्या त्या रिकाम्या वास्तूत पुढे १८९९ मध्ये डॉ. हाफकिन यांची प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली, आणि आजची हाफकिन संस्था ती हीच. फर्गसन यांचे नाव मराठी माणसाला पुण्याच्या महाविद्यालयामुळे माहीत असते. त्या महाविद्यालयाचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

या कोठाराचा शोध अलीकडचा आहे. आवारात कुठेतरी भुयार आहे असे जुन्या माणसांकडून राज्यपाल चे. विद्यासागर राव यांच्या कानावर आले आणि त्यांनी ते उघडायला सांगितले. ऑगस्ट २०१६ मध्ये पूर्वेकडच्या तोंडाशी घातलेली तात्पुरती भिंत सार्वजनिक बांधकाम विभागाने पाडली, तेव्हा भुयाराऐवजी लहानमोठ्या १३ खोल्यांची अख्खी वास्तूच समोर आली. पश्चिमेकडे सुमारे २० फूट उंचीचा दरवाजा आणि उताराचा रस्ता, मधून लांब बोळ, दोन्ही हातांना खोल्या, आणि त्यांना शेल स्टोअर, कार्टरिज स्टोअर, शेल लिफ्ट, पंप, वर्कशॉप अशी नावे. पाण्याचा निचरा होण्याची आणि वारा-उजेड आत येण्याची सोय शाबूत होती. कित्येक दशके बंद असूनही ही वास्तू ढासळलेली नव्हती, हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण डागडुजी करणाऱ्यांना नव्याने काही उभारण्याऐवजी जे होते तेच सावरायचे होते. १८ ऑगस्ट २०१९ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते तिथे संग्रहालय सुरू झाले, आणि १४ जून २०२२ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते ‘क्रांतिगाथा’ हे दालन त्याच खोल्यांमध्ये उघडले गेले.

मी बाबांना बरोबर नेले होते. बाबांची सगळी नोकरी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत झाली, त्यामुळे दारूगोळ्याच्या जागेत माणसाने कसे वागायचे असते हे त्यांच्या अंगात भिनलेले आहे. आमच्या गटातली बाकी मंडळी आत शिरताच पहिल्या चित्रफलकाकडे वळली; बाबा मात्र बोळाच्या भिंतीतल्या एका कोनाड्यापाशी थांबले आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवू लागले.

“हे दिव्याचे कोनाडे बघ,” ते म्हणाले. “दिवा इथे बोळात ठेवायचा. दारूच्या खोलीत उघडी ज्योत कधीच न्यायची नाही.”

“मग आतल्या माणसाला दिसायचं कसं, बाबा?”

“अशा कोठारांत मधे काच बसवायची रीत असते. उजेड आत, ज्योत बाहेर. आणि आत जाणाऱ्याने आधी बूट बदलायचे, खिशातलं लोखंड बाहेर ठेवायचं. एक खिळा फरशीवर घासला तरी ठिणगी पडायला पुरते.”

त्यानंतर त्यांनी मला शेल स्टोअर आणि कार्टरिज स्टोअर यांतला फरक समजावून सांगितला, आणि मग ती वास्तू मला वाचता येऊ लागली. त्या काळच्या मोठ्या तोफेला दोन गोष्टी लागत: एक म्हणजे लक्ष्यावर जाऊन आदळणारा जड गोळा, म्हणजे शेल, आणि दुसरी म्हणजे तो गोळा ढकलणारी दारू, जी कापडाच्या पिशवीत, म्हणजे कार्टरिजमध्ये, मोजून भरलेली असे. या दोन्ही गोष्टी तोफेत शिरेपर्यंत एकमेकींच्या जवळ येऊ द्यायच्या नाहीत, म्हणून त्यांची कोठारे वेगळी, त्यांचे मार्ग वेगळे, आणि त्यांना हात लावणारी माणसेही शक्यतो वेगळी. गोळा माणसाला उचलून जिन्याने नेता येण्याजोगा नसतो, म्हणून शेल लिफ्ट. वर मोर्चावर, म्हणजे तोफा मांडायच्या जागी, तोफ, खाली कोठार, आणि मधून गोळा चढवणारा सरळ उभा मार्ग. दारूला सर्वांत मोठा धोका आगीचा, आणि त्याखालोखाल ओलीचा. समुद्र तीन बाजूंनी असताना आणि मुंबईचा पावसाळा चार महिने डोक्यावर असताना जमिनीखाली दारू कोरडी ठेवायची, तर पाणी बाहेर काढणारी गटारे आणि हवा खेळती ठेवणारे झरोके चोख असलेच पाहिजेत. इतकी वर्षे बंद राहूनही वास्तू का टिकली, याचे उत्तर मला त्या गटारांत दिसले. ज्या माणसांनी दारू कोरडी ठेवण्यासाठी इतका विचार केला, त्यांनी नकळत भिंतीही वाचवून ठेवल्या.

हे सगळे कोणाच्या भीतीने केले होते? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिशांच्या मनात रशियाची धास्ती बसलेली होती. मध्य आशियात रशिया एकेक पाऊल पुढे सरकत होता, १८८५ मध्ये अफगाण सीमेवरच्या पंजदेहच्या प्रकरणावरून दोन्ही देश युद्धाच्या उंबरठ्यावर आले होते, आणि रशियाचे आरमार एखाद्या सकाळी मुंबईसमोर उभे राहील या शंकेने बंदराच्या आसपासच्या टोकांवर आणि बेटांवर तोफांचे मोर्चे सज्ज करण्यात आले. सुवेझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यामुळे मुंबई युरोपला जवळ आली होती. व्यापाराला जी वाट जवळची, ती शत्रूच्या जहाजालाही जवळचीच. म्हणून या तोफांची तोंडे समुद्राकडे होती. त्या काळातल्या दोन प्रचंड तोफा राजभवनाच्या टेकडीच्या पायथ्याशी किनाऱ्यावर पडून असलेल्या २०१८ मध्ये मिळाल्या, आणि त्या वर आणून जलविहार सभागृहाबाहेर ठेवल्या आहेत. प्रत्येकीचे वजन सुमारे २२ टन. त्यांच्याजवळ उभे राहिले की गोळा चढवायला लिफ्ट का लागत असे हे वेगळे सांगावे लागत नाही.

रशियाचे आरमार कधीच आले नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या ‘एम्डेन’ या युद्धनौकेने सप्टेंबर १९१४ मध्ये मद्रासवर तोफा डागल्या, पण मुंबईवर असा मारा करणारे शत्रूचे जहाज काही या टोकासमोर उभे ठाकले नाही. साम्राज्याला हादरा देणारी माणसे दुसऱ्या बाजूने आली, म्हणजे तोफांच्या पाठीमागून, ज्या बाजूला शहर होते, देश होता. आणि आज त्याच माणसांची चित्रे, शिल्पे आणि कहाण्या या कोठाराच्या खोल्यांमध्ये आहेत. दालनाची मांडणी इतिहासकार विक्रम संपत यांच्या मार्गदर्शनाने झाली आहे. मी जे लिहायला बसले आहे ते हेच, की ही जागा आणि हा विषय यांची गाठ वरवरची नाही. दालन दुसऱ्या एखाद्या वातानुकूलित इमारतीत असते, तर तीच माहिती मिळाली असती, पण हा अर्थ मिळाला नसता.

वासुदेव बळवंत फडके यांच्यापासूनच पाहा. शिरढोणचा हा माणूस पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होता. १८७९ मध्ये त्यांच्या बंडाने सरकार इतके बेजार झाले की त्यांना पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले, आणि फडक्यांनी उलट जाहीरनामा काढून गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्याच डोक्यावर बक्षीस लावले. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर म्हणजे ज्याचा बंगला या टोकावर होता तोच. फडके पकडले गेले, त्यांना एडनला पाठवले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला.

चापेकर बंधूंच्या फलकासमोर मी बराच वेळ उभी होते. २२ जून १८९७ ची रात्र प्रत्येक मराठी घरात शाळेच्या पुस्तकामुळे पोहोचलेली आहे. पण रँड आणि आयर्स्ट हे त्या रात्री परत येत होते ते कुठून, याकडे माझे तरी लक्ष या खोलीत आल्यावरच गेले. ते गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमधून परतत होते, जिथे राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ होता. पावसाळ्यात गव्हर्नर पुण्याला असत. मुंबईचे घर मलबार पॉइंट, पुण्याचे घर गणेशखिंड. प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली घराघरांत शिरलेल्या सोजिरांविरुद्धचा संताप त्या रस्त्यावर दबा धरून बसला होता, आणि इकडे मलबार पॉइंटचा मोर्चा समुद्राकडे बघत होता. आयर्स्ट जागीच गेले, रँड ३ जुलैला. दामोदर चापेकर १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फासावर गेले आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात वासुदेव आणि बाळकृष्ण हे दोघे भाऊ चार दिवसांच्या अंतराने. एका घरातले तीन मुलगे. बाबांनी त्या फलकासमोर चप्पल काढली आणि हात जोडले, आणि गटातल्या आणखी काही जणांनीही तसेच केले.

इथेच फर्गसन महाविद्यालय पुन्हा आठवते. २२ जुलै १९३१ रोजी तिथल्या वाचनालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन यांच्यावर गोळ्या झाडल्या. हॉटसन बचावले, गोगटे तुरुंगात गेले. परळ सोडून मलबार पॉइंटला येणाऱ्या गव्हर्नरच्या नावाचे महाविद्यालय, त्याच पदावरचा पुढचा माणूस, आणि समोर पुस्तके घेऊन बसलेला मुलगा. किनाऱ्यावर कितीही टनांच्या तोफा बसवल्या, तरी वाचनालयाच्या टेबलाकडे त्या वळवता येत नाहीत.

मादाम कामांचे दालनात असणे मला मुंबईकर म्हणून विशेष वाटले. त्या १८६१ मध्ये याच शहरात जन्मल्या, १८९६ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना स्वतः आजारी पडल्या, उपचारांसाठी परदेशी गेल्या आणि २२ ऑगस्ट १९०७ रोजी श्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत भारताचा झेंडा फडकवून मोकळ्या झाल्या. तीन दशकांहून अधिक काळ सरकारने त्यांना परत येऊ दिले नाही. त्या आल्या त्या थकलेल्या, आजारी अवस्थेत, आणि १३ ऑगस्ट १९३६ रोजी मुंबईतच गेल्या. सावरकर बंधूंच्या भागाविषयी मी इथे फार लिहीत नाही, कारण तो विषय मराठीत पुष्कळ लिहिला गेला आहे. एवढेच नोंदवते की १९१० मध्ये लंडनहून आणल्यावर विनायक सावरकरांवरचा खटला याच शहरातल्या उच्च न्यायालयात चालला.

सर्वांत ताकदीचा भाग मला १९४६ च्या नौदलाच्या उठावाचा वाटला, आणि तो थोडा विस्ताराने सांगायलाच हवा. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या प्रशिक्षण केंद्रावरच्या भारतीय नाविकांनी निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध काम बंद केले, आणि दोन दिवसांत बंदरातल्या जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट यांचे झेंडे एकत्र चढले. २१ तारखेला कॅसल बॅरॅक्समध्ये नाविक आणि सैन्य यांच्यात कित्येक तास गोळीबार झाला. ही कॅसल बॅरॅक्स म्हणजे काय? पोर्तुगीजांच्या काळापासूनचा, कंपनीने मजबूत केलेला बॉम्बे कॅसल. ज्याच्याभोवती पुढे फोर्टचा कोट उभा राहिला, तो मूळ किल्ला. साम्राज्याच्या मुंबईतल्या पहिल्या किल्ल्यातून, साम्राज्याच्याच गणवेशातली माणसे, साम्राज्याच्याच शस्त्रागारातल्या बंदुका घेऊन लढत होती. ज्या आरमाराने शत्रूला अडवायचे, त्याच आरमाराच्या तोफा शहरातल्या सत्तेकडे वळण्याची वेळ आली. दुसऱ्या दिवशी कामगारांनी गिरण्या बंद केल्या, परळ-लालबागच्या रस्त्यांवर लष्कराने गोळ्या चालवल्या, आणि दोनशेहून अधिक माणसे मेली. परळमध्ये कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे यांना गोळी लागून मृत्यू आला. त्या लालबाग-परळच्या चाळींमधल्या मराठी माणसांपैकी कितीतरी जणांची नावे कुठल्याच फलकावर नाहीत, आणि या दालनात उभे राहिल्यावर ती उणीव अधिक जाणवते. वल्लभभाई पटेलांच्या सांगण्यावरून २३ तारखेला नाविकांनी शरणागती पत्करली.

एक अपेक्षा मात्र मनापासून मांडते. क्रांतिकारकांचे दालन जितक्या आस्थेने मांडले आहे, तितक्याच आस्थेने ही वास्तू स्वतः कशी चालत असे हेही समजावून सांगायला हवे. माझ्याबरोबर बाबा होते म्हणून दिव्याचा कोनाडा मला कळला. प्रत्येकाबरोबर असे बाबा नसतात. दारूची पिशवी कोणत्या खोलीतून निघे, गोळा कुठून वर जाई, त्या मोर्चावर कोण माणसे काम करत, त्यांना पावसाळ्यात त्या ओलीत किती वेळ राहावे लागे, हे सगळे दाखवणारा एक साधा आडवा छेद जर प्रवेशापाशीच मांडला, तर पुढच्या प्रत्येक खोलीतले चित्र वेगळे दिसेल. कारण तेव्हा पाहणाऱ्याला कळेल की फडके, चापेकर, कामा, नाविक ही माणसे कोणत्या यंत्रणेसमोर उभी होती. ती यंत्रणा दुबळी नव्हती, ढिसाळ नव्हती, फार हुशारीने बांधलेली होती. ज्यांनी तिला हलवले त्यांचे मोल त्या हुशारीवरूनच कळते.

शाळांनी सहली आणताना आठवी-नववीची मुले आणावीत असे माझे मत आहे. त्या वयात इतिहासाच्या पुस्तकात ही नावे नुकतीच येऊन गेलेली असतात आणि लिफ्ट, निचरा, झरोका हे विज्ञानही समजते. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी चालण्याचा आणि चढउताराचा अंदाज आधी घ्यावा. फेरी चालू आहे का, आणि तिच्यात कोठार दाखवतात का, हे नोंदणीच्या वेळी संकेतस्थळावर जरूर पाहावे, कारण राज्यपालांच्या कार्यक्रमांनुसार वेळा बदलतात. आणि हे पाहून झाल्यावर त्याच दिवशी कुलाब्याकडे जाता आले, तर १९४६ च्या नाविकांचे स्मारकही पाहून घ्यावे. कोठारातला शेवटचा भाग जिथे संपतो, तिथून पुढची हकिगत त्या रस्त्यांवरच घडलेली आहे.